फळ्यावरची शांती

"बाई, शांतीबाईंनी साडी इस्त्रीला दिलीया," असं म्हणत दाविदमामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा माझे दोन्ही हात करंज्यांच्या सारणात होते.

"कोण शांतीबाई?" मी विचारलं, जशा काही गावात दहा शांतीबाई होत्या.

"कोण म्हंजे? पाटापलीकडच्या. उद्या देवळात मेणबत्ती लावायला येत्यात ना त्या."

"त्या? उद्या? त्यांना कोणी सांगितलं?"

दाविदमामा आमच्या चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे आणि उरलेल्या वेळात गावभर निरोप पोचवायचे. जुन्या माणसांसारखं तेही चर्चला देऊळच म्हणत. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. "आता काय बोलावं. तुम्हीच लिवलंय की फळ्यावर. मी नुसतं जाऊन सांगितलं."

एवढं बोलून त्यांनी ताटातली एक करंजी उचलली, फुंकर मारली आणि ते निघून गेले. मी मात्र तशीच बसले.

फळ्यावर मी काय लिहिलं होतं ते सांगते. त्या वर्षी आमच्या उंबरगव्हाणच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, नवे पाळकसाहेब आले होते. तिशीतले, उत्साही, चष्म्याआडून सारखे हसणारे. त्यांनी सांगितलं की नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळायचे आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती लावायची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची. आमच्याकडे हे नवीनच होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या खेड्यात नाताळ म्हणजे भजनं, नाटक, फराळ आणि प्रीतिभोजनाचं मटण. पण नवीन काही निघालं की माझ्या अंगात वारं शिरायचं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी होते. सायकलच्या जुन्या रिंगला सुरूच्या फांद्या गुंडाळून मी चक्र तयार केलं, त्यात चार मेणबत्त्या बसवल्या, आणि चर्चच्या दाराशी जो फळा आहे त्यावर माझ्या मास्तरणीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: पहिला रविवार, आशा. दुसरा रविवार, शांती. तिसरा, आनंद. चौथा, प्रीती.

आता गंमत बघा. पहिल्या रविवारची मेणबत्ती लावली ती मंडळीचे पंच पाटोळे यांच्या बायकोनं, आणि तिचं नाव आशा. हा निव्वळ योगायोग. पण आमच्या मंडळीनं त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं. फळ्यावर ज्याचं नाव, त्यानं मेणबत्ती लावायची. आनंदा मकासरेनं तिसऱ्या रविवारसाठी दाढी करायचं कबूल केलं होतं, आणि गावात प्रीती नावाच्या तीन मुली असल्यामुळे त्यांच्या आयांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं होतं. यातलं काही माझ्या कानावर आलं नव्हतं, कारण डिसेंबरात माझ्या कानांना सवडच नसायची.

माझं नाव सुवार्ता. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, पण मंडळीतल्या बायका म्हणायच्या, सुवार्ता दारात आली म्हणजे कामाची यादी आली. खोटं नव्हतं ते. नाटकातल्या तीन राजांचे झगे, मेंढपाळांच्या काठ्या, रंगरंगोटीसाठी चुना, प्रीतिभोजनाचा शिधा, भजनाच्या तालमी, घरचा फराळ, शाळेत पाचवीच्या चाचणीचे पेपर. माझ्या डायरीचं पान दिसायचं नाही इतकं लिहिलेलं असायचं. आमचे हे कारखान्यात टाइमकीपर होते, माणूस मोजकं बोलणारा. त्या शनिवारी सकाळी मी डब्यांची आदळआपट करत होते तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "उद्या शांतीचा रविवार आहे म्हणे. घरात एक भांडं तरी शांत असू दे."

आणि खरी गोम पुढेच आहे. ती शांतीची मेणबत्ती मी लावणार होते. कमिटीच्या बैठकीत तसं मीच सुचवलं होतं आणि मीच अनुमोदनही मिळवलं होतं. पाळकसाहेब म्हणाले होते की आगमनकाळाचा रंग जांभळा, म्हणून मी श्रीरामपूरहून जांभळी साडी आणली होती. शिंप्याच्या डोक्यावर बसून ब्लाऊज शिवून घेतला होता. पुण्याहून माझी नणंद मुद्दाम ते बघायला येणार होती.

पण साडीचं सोडा. शांतीमावशी चर्चला यायला निघाली, हे ऐकून मी तशीच बसून राहिले ती साडीसाठी नव्हे.

शांतीमावशी सहा वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. त्याआधी तीस वर्षं तिच्याशिवाय आमच्याकडे भजन झालं नव्हतं. पेटी नसली तरी चालायचं, तबलजी आजारी पडला तरी चालायचं, शांतीमावशी हवी. तिचे वडील जुन्या काळचे कीर्तन करणारे, त्यांनी रचलेली भजनं तिला तोंडपाठ. आणि तिची एक खोड होती. आमच्याकडे आशीर्वाद झाला की सगळे एकमेकांचे हात धरून 'शांती असो' म्हणतात. मावशीला कोणी 'शांती असो' म्हटलं की ती हात दाबून म्हणायची, "असो काय, आहेच मी." दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी आम्ही हसायचो. ती यायची थांबली, त्यानंतर कितीतरी महिने 'शांती असो' म्हटलं की माणसं क्षणभर थांबायची आणि मग पुढच्याचा हात धरायची.

मावशीचे गुडघे धरलेत, पाटावरचा पूल चढवत नाही, असं सगळ्यांना माहीत होतं. जे कोणी पाळकसाहेब असतील ते तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घरी नेऊन देत. गुडघ्यांचं मीही सगळ्यांना सांगायचे, कोणी विचारायच्या आधीच. खरं काय ते गावात दोघींनाच माहीत होतं.

मी हात धुतले, पदर खोचला आणि चपला घातल्या.

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"शांतीमावशीकडे. समजावून सांगते. गैरसमज झालाय."

"कोणाचा?" हे म्हणाले, आणि पुन्हा पेपरात गेले.

पाट ओलांडून जायला दहा मिनिटं लागतात. सहा वर्षांत ती दहा मिनिटं मला मिळाली नव्हती. दर डिसेंबरात ठरवायचे की यंदा नाताळाआधी मावशीकडे जाऊन यायचं, आणि दर डिसेंबरात काही ना काही निघायचं. मग म्हणायचे, नाताळ झाला की जाते. नाताळ झाला की चाचणीचे निकाल, मग प्रजासत्ताक दिन, मग हुतात्मा दिन. न जाणाऱ्याला कारणं फार.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत गेले. मावशी, फळ्यावरची शांती म्हणजे माणसाच्या मनातली शांती हो. तुम्ही नव्हे. हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं तेव्हाच ते किती वाईट आहे ते कळलं. मग दुसरं केलं. मावशी, तुमचा मान नाताळच्या दिवशी ठेवलाय, मोठी मेणबत्ती. हे बरं होतं. खोटं होतं, पण बरं होतं.

दार उघडंच होतं. मावशी खाटेवर बसली होती, समोर स्टूल, स्टुलावर बशी. खुंटीवर इस्त्री केलेली पांढरी साडी, निळ्या काठाची, घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात अर्धी गुंडाळलेली. ती साडी मी ओळखली. बशीत जळक्या काड्यांचा ढीग होता. मावशीच्या हातात काड्यापेटी होती आणि ती काडी ओढत होती. काडी पेटली, तिचा हात थरथरला, काडी विझली. तिनं ती बशीत टाकली आणि दुसरी काढली.

"ये," ती म्हणाली, वर न बघता. "बस. दहातल्या सहा पेटत्यात. सकाळी तीनच पेटत होत्या."

मी बसले. सहा वर्षांनी मी तिच्या घरात बसले होते आणि ती जणू मी काल येऊन गेले अशी बोलत होती. केस सगळे पांढरे झाले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"चहा टाकते."

"नको मावशी, घाईत आहे."

"ते दिसतंय. कपाळाला पीठ लागलंय तुझ्या." तिनं हात पुढं करून पदरानं माझं कपाळ पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, जरा जोरातच. मग चहा टाकायला उठली. गुडघ्यावर हात न ठेवता उठली. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं.

"गुडघे बरे आहेत वाटतं," मी म्हटलं.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," मावशी म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारू लागली.

चहा झाला. बिनदुधाचा, गवती चहा घातलेला. मी तोंड उघडायचे आणि मिटायचे. मावशी, तो फळा. मावशी, त्याचं असं आहे. ती निवांत फुर्र फुर्र करत पीत होती. शेवटी तिनंच कप खाली ठेवला.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मेणबत्ती लावताना काही म्हणायचं असतं, का नुसतीच लावायची?"

"म्हणजे?"

"म्हंजे आवाज काढायचाय का? नुसतं उभं राहायचं असेल तर तसं सांग. मला सवय आहे त्याची."

ती हे रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती खरोखरच विचारत होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याची भजनस्पर्धा होती, आणि मी नुकतीच सेक्रेटरी झाले होते. मला ढाल हवी होती. मावशीचा आवाज तेव्हा वरच्या पट्टीत फाटायला लागला होता. कोणी बोलत नव्हतं, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालीम संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं, नळाजवळ, आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "मावशी, तुम्ही मध्येच उभ्या राहा हं, तुमची शोभा आहे. फक्त ओठ हलवा. आवाज नका काढू." तिनं नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी निळ्या काठाची साडी नेसून ती बरोबर मध्यभागी उभी राहिली आणि तिनं पूर्ण वेळ ओठ हलवले. तिच्या वडलांचंच भजन होतं ते. आम्हाला पहिला नंबर मिळाला. ती ढाल चर्चच्या कपाटात आहे, आणि दर नाताळाला मीच ती चिंच लावून घासते.

पुढच्या रविवारपासून मावशीचे गुडघे धरले.

"म्हणायचंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "भजन म्हणायचंय. तुमच्या वडलांचं, 'ये राजा' ते."

"सगळं?"

"पहिलं कडवं तरी."

"बरं," मावशी म्हणाली. तेच 'बरं', सहा वर्षांपूर्वीचं. मग तिनं काड्यापेटी उचलली. "तू जा आता. मला अजून चार काड्यांचा हिशेब लावायचाय."

परतताना मी पुलावर थांबले आणि रडले. कोणी येतंय का ते बघून रडले, कारण सेक्रेटरीला पुलावर रडणं शोभत नाही. मग डोळे पुसून थेट पाळकसाहेबांकडे गेले. ते अंगणात नाटकातल्या देवदूताचे पंख वाळत घालत होते.

"साहेब, उद्या मेणबत्ती शांतीमावशी लावतील. आणि एक भजन म्हणतील."

"पण लावणार तर तुम्ही होता ना?"

"नाही. फळ्यावर त्यांचं नाव आहे."

साहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते इतके हसले की पंख चिखलात पडले. हसून झाल्यावर म्हणाले, "आणि त्यांचा आवाज? वय झालंय."

"फाटेल कदाचित," मी म्हटलं. "फाटला तर फाटला."

हे वाक्य म्हणायला सोपं होतं. घरी आल्यावर मला पुन्हा भीती वाटू लागली. मावशीला मी एकदा माणसांसमोर मुकी केली होती. आता तिचा आवाज सगळ्यांसमोर फाटला, पोरं फिदीफिदी हसली, तर मी तिला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होणार होतं. आणि तीही पुन्हा तशीच गुडघ्यांचं कारण सांगत घरी बसली असती, या खेपेला कायमची. करंज्या तळताना दोन घाणे जळले. ह्यांनी जळकी करंजी मुकाट्यानं खाल्ली, आणि मी सगळं सांगितलं ते ऐकून घेतलं. ओठ हलवायचंसुद्धा. ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"सहा वर्षं तू हे घेऊन फिरतेस?" हे म्हणाले.

"हो."

"तरीच डबे आदळतेस," हे म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी स्वतः उठून चहा केला.

रविवारी मी जांभळी साडी नेसले नाही. नणंदेनं विचारलं, तिला म्हटलं ब्लाऊज बिघडला. चर्च भरलं होतं. मावशी आली तेव्हा दाविदमामांनी घंटा जरा जास्तच वाजवली. माणसं माना वळवून बघत होती, बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. मावशी सरळ चालत पुढं आली आणि पहिल्या बाकावर बसली, जिथं ती तीस वर्षं बसायची. त्या जागेवर पाटोळेबाई बसल्या होत्या. त्या सरकल्या.

मेणबत्तीची वेळ आली. आशेची मेणबत्ती आधीच लागली होती. मावशी उठली, मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं स्वतःची काड्यापेटी आणली होती, कनवटीला लावून. पहिली काडी पेटली आणि विझली. दुसरी मोडली. मागून कोणी तरी खोकलं. तिसरी पेटली, पण वर पंखा चालू होता, ज्योत आडवी झाली. मी दोन्ही हातांची ओंजळ करून त्या काडीभोवती धरली. मावशीचा हात माझ्या ओंजळीत थरथरत होता आणि मला तिच्या बोटांना गवती चहाचा वास येत होता. मेणबत्ती लागली.

मग मावशीनं पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

ये राजा, ये घरा, दार हे मोकळे,
थरथरे वात ही, हात दे कोवळे.

पहिली ओळ खालच्या पट्टीतली. ती ठीक गेली, जाड्याभरड्या पण सच्च्या आवाजात. मी मनात दुसरी ओळ मोजत होते, कारण 'हात'वर सूर वर जातो. सगळी जुनी माणसं तिथंच श्वास रोखून होती. मावशी त्या शब्दावर चढली आणि आवाज फाटला. चांगलाच फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. मागच्या बाकांवरून कोणा पोरीचं हसू आलं आणि लगेच दाबलं गेलं.

मावशी थांबली. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

आता मी उचलायला हवं होतं. तीच तर माझी जागा होती, शेजारी उभी राहण्याचं कारणच ते. भजन मला पाठ होतं, माझा आवाज चांगला होता, तालमीत मी पोरींना ह्याच ओळीवरून ओरडत असे. मी तोंड उघडलं. गळा असा दाटून आला होता की त्यातून काही निघेना. मी पुन्हा प्रयत्न केला. माझे ओठ हलले, थरथर हलले, पण आवाज नव्हता.

मावशी माझ्या ओठांकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे, मला तो फार लांब वाटला. मग तिनं माझा हात धरला, खाली ओढल्यासारखा, आणि तीच ओळ एक पट्टी खाली घेऊन म्हटली. थरथरे वात ही, हात दे कोवळे. खाली तो सूर इतका सोपा होता की आपण तीस वर्षं उगाच वर चढत होतो असं वाटावं. तिसऱ्या वेळेला दाविदमामांनी मागून सूर धरला, मग पाटोळेबाईंनी, मग सगळ्या जुन्या माणसांनी. मी काही शेवटपर्यंत गाऊ शकले नाही. मी नुसती तिचा हात धरून उभी होते. डिसेंबर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या डोक्यात एकही यादी नव्हती.

उपासना संपली, आशीर्वाद झाला, माणसं मावशीभोवती जमली. मी गर्दी कमी व्हायची वाट बघत दाराशी थांबले. ती बाहेर आली ती फळ्यापुढं उभी राहिली, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचू लागली.

"दुसरा रविवार, शांती. वेळ सकाळी साडेनऊ. येताना प्रीतिभोजनाचा शिधा आणावा, तांदूळ जुना असावा." मग बोट पुढं सरकलं. "तिसरा रविवार, आनंद. हे म्हंजे आनंदा मकासरे का गं? त्याला पेटत्या मेणबत्तीजवळ नको उभा करू. तोंडाच्या वासानं भडका उडंल."

तिचं बोट अक्षरांवरून अचूक फिरत होतं.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं."

"मिशनच्या शाळेत सातवी झालीय माझी. तुझ्या सासऱ्याला शुद्धलेखन मी शिकवलंय."

"म्हणजे ही शांती कुठली, ते तुम्हाला माहीत होतं."

"दाविद सांगत आला की फळ्यावर तुमचं नाव आहे. मी शुक्रवारी सकाळी येऊन वाचून गेले. पूल चढून." तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "वाचलं आणि कळलं की माझं नाव नाही."

"मग आलात कशा?"

"सहा वर्षं वाट बघितली, बोलवायला कोणी येतंय का. कोणी म्हंजे तू. तू काय येत नव्हतीस. मग म्हटलं, अक्षर तर तिचंच आहे." मावशीनं चष्मा पुन्हा लावला. "चुकून का होईना, नाव लिवलंय ना तिनं. तेवढं पुरे."

मला जे सांगायचं होतं ते मी तिथं उभ्या उभ्या सांगितलं. मी तुमचा आवाज घेतला, ढालीसाठी घेतला, आणि वर गुडघ्यांचं खोटं सगळ्यांना मीच सांगत राहिले. मला माफ करा. हे मी फार वेड्यावाकड्या शब्दांत सांगितलं असणार, कारण मधेच नणंद आली, काय चाललंय ते बघून तशीच परत फिरली.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"आज तू बरे ओठ हलवलेस," ती म्हणाली. "मी बघत होते. अगदी बरोबर हलवत होतीस, एक शब्द चुकला नाही."

मी रडता रडता हसले. तीही हसली, तोंडात पुढचे दोन दात नव्हते, ते मला तेव्हा दिसलं.

आज मी स्वतः सत्तरीला आले आहे. माझा आवाजही वरच्या पट्टीत फाटतो आणि भजनाच्या पोरींना ते ऐकू येतं, मला कळतं. त्या अजून काही म्हणालेल्या नाहीत. ते भजन आमच्याकडे तेव्हापासून खालच्या पट्टीतच म्हणतात. नव्या माणसांना वाटतं ते मूळचंच तसं आहे.

त्या दिवशी मात्र घाई होती. चक्र आतल्या खोलीत ठेवायचं होतं, झगे मोजायचे होते, नणंदेला जेवायला वाढायचं होतं. मावशी पायऱ्या उतरू लागली, एकेक, कठडा न धरता. मला एकदम आठवलं की आशीर्वाद झाल्यावर गर्दीत तिचा हात धरायचा राहूनच गेला. मी मागून धावले आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"शांती असो, मावशी."

तिनं माझा हात दाबला, सहा वर्षांपूर्वी दाबायची तसाच.

"असो काय," ती म्हणाली. "आहेच मी."